तळ्यातलं दीपगृह

तुम्ही हसाल, पण गुडगावला आम्ही नवा फ्लॅट घेतला, तेव्हा बिल्डरने सोसायटीच्या तळ्यात छोटंसं बेट करून त्यावर चक्क दीपगृह बांधलं होतं, वर बघायला गॅलरीसकट.

रत्नागिरीहून सासूबाई आल्या होत्या. फार वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ होडी घेऊन समुद्रात गेला, तो परतलाच नाही. तेव्हा त्या आपल्या गावच्या दीपगृहावर जाऊन रोज समुद्राकडे बघत बसायच्या. पुढे तिथे जाणंच सोडलं. म्हणून आमच्या दीपगृहापाशी पोचल्यावर मी म्हटलं, "आई, तुम्ही खालीच थांबा."

पण त्या चढल्या. वर बराच वेळ उभ्या राहिल्या. चहूकडे अर्ध्या बांधलेल्या इमारती आणि क्रेन. मी घाबरून विचारलं, "त्रास होतोय का? उतरूया?"

"नाही गं, थांबू या जरा," त्या म्हणाल्या. "इथून समुद्र दिसत नाही. कुणाची वाट बघावी लागत नाही."