अंगठ्यापर्यंत

डॉक्टर : सुईच्या तपासणीत नुसतं रक्तच आलं. म्हणून म्हणतो, उद्या मानेतली गाठ अख्खी काढू आणि मग तपासायला पाठवू.

बायको : म्हणजे कॅन्सर आहे की नाही, ते अजून कळलंच नाही?

डॉक्टर : नाही.

घड्याळजी : काढा आणि मोकळं करा एकदाचं. दुकान किती दिवस बंद ठेवू?

डॉक्टर : हाताला काही त्रास? मुंग्या वगैरे?

घड्याळजी : छे, काही नाही.

बायको : अहो, खरं सांगा ना.

घड्याळजी : तू गप्प बस गं.

बायको : महिनाभर गप्पच आहे. डॉक्टर, यांनी बायकांची छोटी घड्याळं दुरुस्तीला घेणं बंद केलंय. बारीक स्क्रू सुटतात हातातून. परवा स्वेटरचा गळा मानेवर घासला, तर चटका बसल्यासारखा हात झटकला.

डॉक्टर : मान तिकडे वळवा. सैल सोडा.

(डॉक्टर गाठीवर बोटाने हलकेच टकटक करतात.)

घड्याळजी : आई गं!

डॉक्टर : कुठवर गेली कळ?

घड्याळजी : अंगठ्यापर्यंत.

डॉक्टर : सुई घातली तेव्हाही?

घड्याळजी : तेव्हाही. ओठ चावून पडून राहिलो.

डॉक्टर : का पण?

घड्याळजी : वाटलं, आजार हातात उतरला. तुम्हाला कळलं तर हातच काढाल. घड्याळजीचा हात गेल्यावर उरतं काय?

डॉक्टर : अहो, ह्या मुंग्याच तर कळायला हव्या होत्या मला! गाठ हाताकडे जाणाऱ्या नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या आवरणाची दिसतेय. क्वचित होते, पण बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. उद्या मी ती नेहमीची सुजलेली ग्रंथी समजून नसेसकट कापली असती. अंगठा कायमचा गेला असता.

बायको : ऐकलंत?

डॉक्टर : उद्याचं ऑपरेशन रद्द. आधी एमआरआय. तसंच निघालं, तर नस राखून गाठ सोलून काढू. थोडा धोका राहतोच, तो लपवत नाही.

बायको : लपवायचं काम आमच्याकडे आहे.

घड्याळजी : चिडलीस?

बायको : चिडले. तुमच्यामागे घर कसं चालवायचं, ह्या विचाराने माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही, आणि तुम्ही ओठ चावत बसलात. हात द्या इकडे.

घड्याळजी : कुठला?

बायको : मुंग्या येतात तो.