ब्रुनो आणि सोफा

साहेब, कुत्रा सोफ्यावर चढतो हा दोष त्याचा नाही, तुमचा आहे. तुमच्याकडे धुणीभांडी करणारी तानाबाई पुलगावच्या बसथांब्यावर शेजारच्या काजलशी बोलत होती.

"काकू, साहेबाचा ब्रुनो सोफ्यावरून उतरला का?"

"उतरला ना. त्याची सवय सुटेपर्यंत साऱ्या घरानं सतरंजीवर बसाचं, असं कुत्र्याच्या डॉक्टरनं सांगतलं. आठ दिवस साहेबाच्या बाई माह्या बाजूले बसून चहा पेल्या."

"अन् आता?"

"ब्रुनो शिकला. बाई सोफ्यावर गेल्या. मी अन् ब्रुनो खालीच."

"मंग?"

"बाई बाहेर गेल्या का मीच त्याले सोफ्यावर बसवून पोईचा तुकडा चारतो."

"काऊन वं काकू?"

"तो चढला का बाई पुन्हा खाली बसतीन ना."

साहेब, ब्रुनो उद्या सोफ्यावर दिसेल. त्याला हाकलण्याआधी एवढं सांगा, तानाबाईनं कुठं बसायचं?