ग्लेनची गाडी आणि माझा ओव्हन

...नाही, तुम्हीच सांगा, ज्या ओव्हनचं दार उघडायचं म्हणजे आधी आकडी सोडवायची, मग पट्टा काढायचा, मग दार पोटाशी धरून दोन पावलं मागं यायचं आणि ते भिंतीला टेकवून ठेवायचं, त्याला ओव्हन म्हणायचं का? मी म्हणते, खोकं म्हणा, पेटी म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा! बिजागरी तुटली तेव्हा मी ग्लेनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सरळ शब्दांत म्हटलं, "ग्लेन, नवीन ओव्हन आण." तर हा गेला कुठं? बाहेर गाडीकडे! आणि आला काय घेऊन? नारिंगी पट्टा! वाळूत रुतलेली गाडी ओढायचा! ओव्हनला गुंडाळला, करकचून बांधला आणि छाती फुगवून म्हणतो, "आठ टन ओढतो हा, रेलीन!" अरे बाबा, आत कोंबडी आहे, पळून पळून कुठं जाणार आहे ती?

आता त्या गाडीबद्दल सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल मी कुठल्या दुखण्याबद्दल बोलतेय. चारही चाकांना जोर असलेली गाडी. डोंगर चढते म्हणे, नदी ओलांडते म्हणे, वाळवंटात जाते म्हणे. ग्लेन कुठं जातो? चष्म्याच्या दुकानात! लोकांचे डोळे तपासतो तो. घरापासून दुकानापर्यंत रस्ता असा गुळगुळीत की वाटेत गोटी सोडली तर ती ग्लेनच्या आधी पोचेल. मधे एक गतिरोधक. एकच! पण त्याच्यावरून जाताना ह्याचा आविर्भाव बघा... पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर, दात आवळलेले, आणि मला म्हणतो, "धरून बस!"

आणि त्या गाडीला सोंड आहे. खरंच! बाजूनं एक काळी नळी निघते ती पार छपरापर्यंत. का? तर नदीत गाडी बुडाली तरी इंजिनाला वरून श्वास घेता यावा. मी विचारलं, "कुठली नदी, ग्लेन?" म्हणतो, "कुठलीही." मी म्हटलं, "आपण नदीत कशाला जाऊ? पूल आहे की!" तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पाच वर्षांची आहे, आणि म्हणाला... पाठच झालंय मला, झोपेत विचाराल तरी म्हणेन... "संकट काय सांगून येतं का, रेलीन?"

बरं, ह्या सोंडेनं आजवर केलं काय? गाडी धुवायच्या यंत्रात अडकली आणि यंत्राचा ब्रश उपटला. एवढाच तिचा पराक्रम. बाजारच्या इमारतीत गाडी लावायला जावं तर वरचा आडवा दांडा छपराच्या तंबूला लागतो, मग ही बया लावायची लांबच्या लांब आणि दुधाच्या पिशव्या घेऊन उन्हातून तंगडतोड करायची मी! छपरावर तंबू, मागे फ्रिज, फावडी, पुढे लोखंडी दोरीचं गरगर फिरणारं यंत्र. गॅरेज सामानानं भरलंय म्हणून गाडी बाहेर, आणि गाडी बाहेर म्हणून पाहुण्यांनी आपली गाडी लावायची पुढच्या गल्लीत. का रे बाबा एवढं? संकट काय सांगून येतं का!

आणि ग्लेन एकटा असता तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, नशीब माझं. पण आमच्या अख्ख्या क्वीन्सलंडाला हा रोग आहे हो! गल्लीत ज्याच्या त्याच्या दारात हेच धूड. समोरची बाई मुलांना शाळेत सोडते, शाळा दिसते तिच्या खिडकीतून, तरी पुढे एवढा जाडजूड लोखंडी दांडा, कांगारू आडवा आला तर म्हणून. ह्या गल्लीत कांगारू? तो सुद्धा गाडी लावायला जागा नाही म्हणून परत जाईल! आणि आमचा शेजारी मॅका, ग्लेनचा जिवाभावाचा दोस्त, त्याची गाडी कायम चिखलानं बरबटलेली. कुठला चिखल? कधीतरी बहिणीच्या शेतावर गेला होता, तेव्हाचा! धूत नाही, पावसात बाहेर काढत नाही. मी एकदा काचेवर बोटानं "धू मला" असं लिहिलं तर हा गृहस्थ तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही, चिखल बिघडवला म्हणून!

तर मूळ मुद्दा ओव्हनचा. ईस्टरला माझी आई, बेरिल, जेवायला आली होती. कोकराची तंगडी सकाळपासून ओव्हनमध्ये. खमंग वास सुटलेला, बटाटे लालसर झालेले, आई काटा-चमचा धरून बसलेली... आणि मी आकडी सोडवली, पट्टा काढला, दार पोटाशी धरलं, आणि पायात आला ग्लेनच्या फावड्याचा दांडा! दार एकीकडे, मी एकीकडे, आणि तंगडी घरंगळत गेली ती थेट फ्रिजखाली. आई शांतपणे काटा खाली ठेवत म्हणाली, "मला टोस्ट चालेल."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ग्लेन, आज सोक्षमोक्ष! या सुट्टीत तुझी गाडी एकदा, फक्त एकदा, अशा कामाला येऊ दे जे साध्या गाडीनं झालंच नसतं. आली, तर मी जन्मात ओव्हनचं नाव काढणार नाही. नाही आली, तर हे धूड विकायचं, आणि दाराला बिजागरी असलेला ओव्हन माझ्या घरात आला पाहिजे!" ग्लेननं तिथल्या तिथं हात पुढे केला. आई पंच. आई टोस्ट खात म्हणाली, "मी कुणाची बाजू घेणार नाही," आणि मला डोळा मारला.

झालं! दुसऱ्या दिवशी निघाली स्वारी समुद्रावर. ग्लेन, मी, मागच्या सीटवर आई, तिच्या पाठीला तिची उशी, मांडीवर मी केलेल्या लॅमिंग्टनचा, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेल्या केकच्या वड्यांचा, डबा... शेजारणीच्या ओव्हनमध्ये केलेल्या, हे लक्षात घ्या. मागून मॅका, चिखलासकट. वाळू सुरू होते तिथं दोघं थांबले. का? तर वाळूवर जायच्या आधी टायरातली हवा कमी करायची असते. ते खरंय, आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. पण किती कमी करायची, ह्याच्यावरून ह्या दोघांची जी जुंपली! "अठरा!" "छट, सोळा!" "गड्या, सोळावर टायर रिंगमधून निघेल!" "अठरावर तू बुडशील!" अहो, देवाधर्मावरून माणसं एवढी भांडत नाहीत. येणारा जाणारा थांबतोय, खाली उतरून आपापला आकडा सांगतोय. शेवटी सतरावर तह झाला.

तेवढ्यात आईनं खिडकीतून तिथली पाटी मोठ्यानं वाचली, "ग्लेन, भरती ऐन जेवणाच्या वेळेला आहे म्हणे." म्हणतो, "बेरिल, तोवर आपण घरी!" बघा हं, आयुष्यभर मला सुनावतोय, संकट काय सांगून येतं का, आणि इथं संकट स्वतःची वेळ पाटीवर लिहून, वर सरकारी शिक्का मारून उभं होतं!

शिरलो वाळूत. गेलो असू चार घरं ओलांडावीत एवढं, आणि गाडी बसली. ग्लेननं जोर दिला, आणखी बसली. आणखी जोर दिला, आणखी! मी म्हटलं, "रुतलो का रे?" म्हणतो, "रुतलो नाही, टेकलोय." दार उघडायला गेले तर दार वाळूत! आईला आम्ही खिडकीतून काढली, उशीसकट.

आता आमच्या लोकांचं एक सांगते. कुणाची गाडी रुतली की किनाऱ्यावर बातमी जाते कशी देव जाणे, पण हां हां म्हणता माणसं जमतात, आणि नुसती नाही, घडीच्या खुर्च्या घेऊन! बसले की हो अर्धवर्तुळ करून. "हवा जास्त झाली." "हवा कमी झाली." "माझ्या मेव्हण्याची अशीच गेली, नुसती सोंड दिसत होती वर." बिचाऱ्यांनी खणायला मात्र मदत केली, खोटं कशाला बोलू. ग्लेननं मग ते दोरीचं यंत्र बाहेर काढलं मोठ्या ऐटीत. दोरी कशाला बांधायची? झाडाला! झाड कुठाय? झाड नाही! इकडे वाळू, तिकडे पाणी. बांध आता लाटेला!

मग मॅका पुढे झाला. आमच्यात रीत आहे, ज्यानं तुम्हाला वाळूतून ओढून काढलं त्याला बिअरचा खोका द्यायचा. न दिला तर माणसातून उठलात. ग्लेननं खोका आगाऊच दिला, सगळ्यांदेखत, मॅकानं तो आपल्या सीटवर ठेवला, आपला ओढायचा पट्टा आमच्या गाडीला अडकवला, "बघ आता गड्या!" म्हणाला, ओढलं... आणि स्वतः रुतला! आणि रुतला तो कुठं? आमच्याही पुढे, पाण्याच्या बाजूला! टाळ्या पडल्या.

आणि समुद्र यायला लागला.

मी खुर्चीत बसले होते. खोटं बोलणार नाही, माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. आई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "गॅसचा घेणार की विजेचा?" मी म्हटलं, "आई!" म्हणाली, "पंख्याचा घे, केक सगळीकडून सारखा फुगतो." आणि मला तो ओव्हन दिसायला लागला हो! समोर लाटा, आणि मला आपलं त्यात काचेचं दार, आतला दिवा...

मग एक लाट आली आणि मागच्या चाकाला शिवून गेली. ग्लेन धावला. मला वाटलं, आता फ्रिज काढेल, नाहीतर त्याचा महागाचा कॅमेरा. त्यानं काय काढलं? पाणी येईल म्हणून आधी लॅमिंग्टनचा डबा काढला, मग आईचा गाडीत राहिलेला स्वेटर, आणि दोन्ही माझ्या मांडीवर ठेवून परत गेला. गाडीच्या कपाळावर हात ठेवून नुसता उभा राहिला. बत्तीस वर्षांचा संसार आहे माझा, तो चेहरा मी फक्त आमचा कुत्रा गेला तेव्हा पाहिला होता. मला भडभडून आलं.

उठले, म्हटलं माझी पर्स तरी काढू. खिडकीतून आत वाकले. आणि बघते तर... गिअरच्या शेजारी ते गोल बटण असतं ना, दोन चाकं की चार चाकं ते ठरवायचं? ते दोनवर! दोनवर! अठरा की सोळा, सोळा की अठरा, ह्या भांडणात हा शहाणा गाडीला चार चाकांवर घ्यायलाच विसरला होता! वरात निघाली वाजतगाजत आणि नवरदेव घरीच! आणि हा माणूस लोकांचे डोळे तपासतो!

मी वळून बघितलं. आईला लांबूनच माझ्या तोंडावरून कळलं असणार, काहीतरी सापडलंय. तिनं ओठांवर बोट ठेवलं. खरंच ठेवलं! मी गप्प राहिले असते तर अर्ध्या तासात निकाल होता. ओव्हन माझा होता हो...

पण तो चेहरा. मी हळूच हाक मारली, "ग्लेन, हे दोनवर आहे. हे चारवर लागतं ना रे?"

ग्लेन आला. वाकला. बघितलं. कान लालबुंद. मग माझ्या कानाशी येऊन इतकंच म्हणाला, "मॅकाला सांगू नकोस." मी म्हटलं, "कुणालाच नाही सांगणार, जा."

बटण फिरवलं, लोकांनी पुन्हा खणलं, चाकांखाली फळ्या सरकवल्या, आणि निघाली की गाडी! गुरगुरत, वाळू उडवत! वर कोरड्यावर जाऊन वळली, आता मॅकाच्या गाडीच्या सोंडेचं श्वास घ्यायचं काम सुरू व्हायचीच वेळ आली होती, तर ग्लेननं तोच पट्टा टाकून त्यालाही ओढून काढलं! आरोळ्या काय, शिट्ट्या काय! मॅकानं ग्लेनला मिठी मारली, "गड्या, तू नसतास तर माझी गाडी आज न्यूझीलंडला लागली असती!" आणि बिअरचा खोका दिला. कुठला खोका? तोच! घेऊन आला, तसाच परत. फक्त मॅकाचा चिखल समुद्रानं धुऊन नेला, त्याचं सुतक तो अजून पाळतोय.

घरी येताना ग्लेन म्हणतो, "मग? साध्या गाडीनं मॅका निघाला असता का?"

मी म्हटलं, "साध्या गाडीनं आपण तिथं गेलोच नसतो! आणि मॅका तुझ्यामुळे अडकला! आणि तू..." आणि पुढचं गिळलं. शब्द दिला होता ना, बटणाबद्दल बोलणार नाही म्हणून. मी आशेनं मागे आईकडे बघितलं. पंच ना ती! तर आई स्वेटर गळ्याशी ओढून घेत म्हणाली, "नियम म्हणजे नियम, रेलीन. गाडी कामाला आली." पोटची आई हो माझी! एका स्वेटरावर फिरली!

झालं. मी ओव्हनचं नाव टाकलं. पुढच्या शनिवारी ग्लेन एक खोकं घेऊन दारात उभा, तोंड हे एवढं फुललेलं. म्हणतो, "उघड." उघडलं तर... ओव्हन! नवा कोरा! दाराला बिजागरी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "अरे, एवढासा का रे? आणि ही वायर अशी का?"

म्हणतो, "गाडीत बसतो तो. गाडीच्याच विजेवर चालतो."

तेव्हापासून आमचं रविवारचं कोकरू गाडीत भाजतं. दारासमोर, इंजिन चालू ठेवून, तुकडे करून, चार खेपांत. मी पुढे बसते, आई मागे उशी लावून ताट धरून बसते. आणि सांगायला लाज वाटते, पण बटाटे त्यात फार छान होतात हो! परवा गल्लीत नवीन राहायला आलेली एक बाई काचेवर टकटक करून विचारते, "काही झालंय का? घरात ओव्हन नाही का तुमच्या?"

मी काच खाली केली, चिमट्यानं एक बटाटा उलटला, आणि काय सांगणार तिला...

म्हटलं, "आहे की! पण संकट काय सांगून येतं का?"