लाल दोऱ्याची पुरचुंडी

रूपाली : इथं, माय. आप्पांच्या सहीखाली. नाव लिहिलंस तरी चालेल.

चतुराबाई : न्हाई करत.

भागवत : पेन उलटा धरलाय का बघ तिनं.

चतुराबाई : पेन बराबर हाय. मलाच करायची न्हाई.

भागवत : ऐकलंस, रूपाले? नांगरट झाली, कुळवाची पाळी झाली, आन् पेरायच्या दिवशी बैल खाली बसला. एकोणीस वर्षं या कागदाची वाट बघून राह्यलो मी. वाच परत एकदा. तुझ्या मायला आज ऐकू कमी येतंय.

रूपाली : "आम्ही, भागवत आणि चतुराबाई, राहणार टेंभुर्णी, लिहून देतो की आमच्या शेतात चौदा वर्षं निवडून तयार केलेल्या मिरचीचं बी रामराव यांनी आमच्या परवानगीशिवाय घरातून नेलं."

भागवत : "नेलं" काढ. "चोरलं" लिही.

रूपाली : अर्थ तोच होतो, आप्पा.

भागवत : अर्थ होतो, आवाज होत न्हाई. पखवाजावर बोटं फिरवली तरी वाजतंच की. पण थाप ती थाप. "चोरलं" ही थाप हाय.

चतुराबाई : किती वर्षांनी पखवाजाचं नाव आलं तोंडात.

भागवत : नाव आलं, हात न्हाई लावला. आन् तू इषय बदलू नको.

चतुराबाई : बदलत न्हाई. मला एवढंच सांगा, हा कागद गेल्यावर काय होतंय? साध्या बोलीत सांग, रूपाली. तुझ्या हापिसातल्या बोलीत नको.

रूपाली : जालन्याबाहेर आमचं बियाण्याचं क्लस्टर उभं राहिलंय ना, त्यात एकतीस लहान कंपन्या आहेत. एकेकटीला प्रयोगशाळा झेपत नाही, म्हणून सगळ्यांत मिळून एक. विद्यापीठाची माणसं शिकवायला येतात, मशिनी सरकारनं दिल्या. आता पुढचा टप्पा मंजूर व्हायचा तर क्लस्टरनं एक वाण दाखवायचाय. इथल्या मातीत घडलेला, संशोधन करून काढलेला. अध्यक्षांनी त्यांची गाजलेली मिरची पुढं केली.

भागवत : अध्यक्ष कोण, तेबी सांग मायला.

चतुराबाई : मला ठाऊक हाय अध्यक्ष कोण. जालन्यात मस्तगडला त्याचं बियाण्याचं खोक्याएवढं दुकान होतं तव्हापासून ठाऊक हाय.

रूपाली : वाणाचं मूळ तपासून लिहायचं काम माझं. दिवाळीला तुझ्या माठातलं राखेतलं बी मी नेलं होतं बघ, चिमूटभर. ते आणि कंपनीचं, दोन्ही शेजारीशेजारी लावलं. चोवीस खुणा तपासल्या, चोवीसच्या चोवीस जुळल्या. त्यांच्या हायब्रीडची आई म्हणजे आपल्या आप्पांची मिरची.

भागवत : देव उशिरा येतो, पण सम चुकवत न्हाई. मी म्हणत होतो का न्हाई?

रूपाली : फॉर्मवर एक प्रश्न आहे, मूळ बी कसं मिळालं. त्यांनी लिहिलंय, स्वतःचं संशोधन. ते खोटं. मी तिथं लिहिणार, विनापरवानगी. त्याला तुम्हा दोघांचा हा जबाब जोडायचा. मग वाद लागतो, अर्ज बाजूला पडतो आणि रामराव अध्यक्षपदावरून उतरतात. पुन्हा कुठल्या सरकारी योजनेच्या दारात त्यांना कुणी उभं करत नाही.

चतुराबाई : आन् बाकीच्या तीस कंपन्या?

रूपाली : त्यांचंही थांबेल. दोन वर्षं, तीन वर्षं.

चतुराबाई : तुझी प्रयोगशाळा?

रूपाली : कुलूप. ठाऊक आहे मला.

चतुराबाई : आपल्या गल्लीतल्या नंदाबाईला शेडनेट, जाळीचा मांडव, मिळणार हाय तुमच्याकडून. तिच्यासंगं चौदा बाया हायेत. आता टेंपोत कोंबून देऊळगावकडं जात्यात क्रॉसिंगला, फुलाफुलाला हातानं पराग लावायला. गावात काम आलं तर लेकरं डोळ्यापुढं राहतील म्हणून नवस बोललीय ती.

भागवत : मोठं झाड पडतं तव्हा खालचं गवत दबतंच.

चतुराबाई : गवत आपणच होतो एकदा.

रूपाली : माय, मला चालेल. नोकरी गेली तरी चालेल. अकरावीला सायन्स घेतलं ते याच दिवसासाठी. मी दहा वर्षांची होते, बांधावर उभी होते. रामरावांच्या कंपनीची माणसं, त्यांच्यासाठीच बी पिकवायला लावलेल्या आपल्या सीडप्लॉटमध्ये शिरली आणि ओळीनं झाडं उपटत गेली. प्रत्येक झाडाला तुझ्या हातचे दोरे होते. तू क्रॉस केलेल्या फुलाफुलाला बांधलेला लाल दोरा. झाडं बांधावर पडली होती आणि दोरे वाऱ्यानं हलत होते. आप्पा प्रत्येकाला विचारत होते, भेसळ कुठं हाय, एक झाड दाखवा. कुणी दाखवलं नाही.

भागवत : दाखवायला असायला पायजे. दोन महिने आधी मी चावडीवर बोललो होतो, रामरावनं बाजारात आणलेली मिरची माझी हाय म्हणून. त्याचं उत्तर होतं ते. प्लॉट फेल, कारण भेसळ. मस्तगडला त्याच्या दुकानापुढं दोन दिवस बसून आल्तो. पाणीसुद्धा इचारलं न्हाई त्यानं. माझ्या घरी महिना महिना जेवलेला माणूस.

चतुराबाई : तिथवर एक वेळ मी सोसलं असतं.

भागवत : आन् मंग सप्त्यात आला. कीर्तन ऐन रंगात, महाराजांनी चाल धरलेली, टाळकरी दोन रांगांत डोलत होते. माझा हात जरासा मागं पडला. पडतो कधी. समोर बसल्ता हा, म्हणतो, "भागवतराव, आधी बी शुद्ध करा, मंग ताल." सगळा मंडप हसला. ज्या मंडपात माझ्या बापानं पखवाज वाजवला, मी वाजवला, तो मंडप. मी पखवाज तिथंच ठेवला आन् उठून आलो.

रूपाली : त्यानंतर कुठल्याच कंपनीनं आपल्याला प्लॉट दिला नाही. टेंभुर्णीत आमची ओळखच ती झाली, भेसळवाले. शाळेत मलासुद्धा म्हणायची पोरं.

भागवत : आन् आज काला हाय. महाप्रसाद रामरावचा. दहा वाजता त्याच मंडपात शाल-नारळ घ्यायला येऊन राह्यलाय तो. कशाबद्दल, तर टेंभुर्णीची मिरची देशभर नेली म्हणून. म्हणून म्हणतो, सही कर. नारळ त्याच्या हातात पडायच्या आत हा कागद लोकांपुढं वाचायचाय मला.

चतुराबाई : म्हणूनच करत न्हाई.

रूपाली : माय, एक विचारू? परवा मी रामरावांना निकाल दाखवला. मला वाटलं, ओरडतील, धमकी देतील. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "काही लिहिण्याआधी वहिनीला लाल दोऱ्याचं विचार." मला वाटलं, फाटे फोडतायत. म्हणून बोलले नाही. आता विचारते. कसला लाल दोरा?

भागवत : कसला असणार. क्रॉसिंगचा.

चतुराबाई : हो. क्रॉसिंगचाच. दुसरा दोरा जवळ नव्हता त्या टायमाला.

रूपाली : कोणत्या टायमाला?

चतुराबाई : काल्याच्या दिवशी. एकोणीस न्हाई, बावीस वर्षं झाली त्याला. तुम्ही मंडपात होते, पखवाज मांडीवर. मी काल्याच्या लाह्या न्यायला घरी आल्ते. दारात रामराव उभा. तव्हा तो बियाण्याच्या कंपनीचा साधा सुपरवायझर, फाटकी चप्पल, खांद्यावर पंचा. म्हणाला, "वहिनी, आजच्या दिवशी मागणाऱ्याला न्हाई म्हणत न्हाईत ना?" मी म्हणलं, कसं म्हणणार. त्यानं पंचा पसरला आन् म्हणाला, "भागवतदादाच्या मिरचीचं मूठभर बी घाला."

भागवत : पुढं बोलू नको.

चतुराबाई : बोलू द्या. बावीस वर्षं घशात हाय ते. माठातून मूठभर काढलं, राखेसकट. चिंधीत घातलं, कमरेला क्रॉसिंगचा दोरा होता त्यानं गाठ मारली. मनातून लई आनंद झाल्ता मला. तुमची मिरची कुणीतरी मागायला आलं म्हणून. चौदा वर्षं गाव हसलं होतं, भागवत मिरचीच्या मागं येडा झाला म्हणून.

भागवत : तू दिलं.

चतुराबाई : मी दिलं.

भागवत : एवढी वर्षं मी या ओट्यावर बसून त्याला चोर म्हणलो. देवापुढं उभं राहून त्याचं वाईट चिंतलं. आन् तू शेजारी बसून भाकरी थापत होतीस.

चतुराबाई : थापत होते. आधी वाटलं, सावकाश सांगू. मंग झाडं उपटली. तुम्ही कुदळीचा दांडा घेऊन मस्तगडला निघाले होते, मी रस्त्यात काढून घेतला. त्या दिवशी सांगितलं असतं तर दांडा कुणावर पडला असता? माझ्यावर पडला असता तर सोसलं असतं. तुम्ही तुमच्याच डोक्यात घातला असता.

रूपाली : मग ही चोरी नाही. फॉर्मवर "विनापरवानगी" लिहिलं तर खोटं मीच लिहीन.

भागवत : म्हणजे सुटला तो. मारुतीच्या देवळात लावलेले माझे सगळे दिवे पाण्यात गेले.

चतुराबाई : सुटला कसा? मी बी दिलं. तुमची बेइज्जती न्हाई दिली.

भागवत : काय म्हणलीस?

चतुराबाई : मिरची काल्यातली. ती वाटली, ती गेली, ज्याला पावली त्याला पावली. पण त्यानं ती स्वतःच्या नावानं इकली आन् तुम्ही तोंड उघडलं म्हणून तुमच्या शुद्ध प्लॉटाला भेसळ म्हणाला. ती भेसळ मी त्याच्या पंच्यात बांधली नव्हती. माझे दोरे होते त्या झाडांवर. एक फूल चुकलं नव्हतं माझं. मला त्याची मिरची नको, ते दोन वर्षांचं कुलूपबी नको. मला तो शब्द परत पायजे. जिथून निघाला तिथंच, मंडपात.

रूपाली : फॉर्मवर तिसरा रकाना आहे. "शेतकऱ्याकडून, संमतीने." तो भरला तर वाणाची नोंद आप्पांच्या नावावर जाते, शेतकऱ्याचा वाण म्हणून. कंपनीला तसं जाहीर करावं लागतं, पिशवीपिशवीवर छापावं लागतं. क्लस्टर वाचतं. पण संमतीची सही आप्पांची लागते. ती नसेल तर हा रकाना रिकामाच.

भागवत : म्हणजे माझ्या सहीवाचून त्याचं घोडं अडतं.

रूपाली : बिलकुल अडतं. आज संध्याकाळपर्यंत. म्हणून तर ते मंडपाच्या आधी इथं येतो म्हणालेत.

भागवत : इथं? माझ्या ओट्यावर?

रूपाली : हो. माफी मागायला, म्हणाले. घरातल्या घरात मिटवू.

भागवत : घरातल्या घरात. हसला सगळा मंडप आन् माफी घरात. न्हाई. त्याला ओट्यावर चढू देऊ नको. चहा न्हाई, पाणी न्हाई. त्यानं मला मस्तगडला दिलं तेवढंच.

चतुराबाई : पाणी मी देणार. काला हाय आज.

भागवत : बरं, पाणी दे. पण सही इथं होणार न्हाई. सही मंडपात. त्यानं शाल अंगावर घ्यायच्या आधी माइक हातात घ्यायचा. टाळकऱ्यांच्या मधे उभं राहायचं आन् तीन गोष्टी म्हणायच्या. मिरची भागवतची. बी चतुराबाईनं दिलं. आन् प्लॉट शुद्ध होता, मी खोटं बोललो.

रूपाली : ते म्हणतील, आधीच्या दोन म्हणतो, तिसरी सोडा.

भागवत : तिसरीसाठीच मी तिथं बसणार. पखवाज घेऊन.

चतुराबाई : तुम्ही?

भागवत : मीच. तो बोलंल तोवर हळू ठेका धरतो. गुळमुळीत बोलला, शब्द गिळला, तर थाप थांबवतो. कीर्तनात पखवाज थांबला की काय होतं ठाऊक हाय ना? झोपलेला माणूसबी मान वर करून बघतो. सगळा मंडप त्याच्याकडं बघंल, आन् पुन्हा बरोबर म्हणेपर्यंत मी हात उचलणार न्हाई. दहादा म्हणावं लागलं तर दहादा.

रूपाली : आप्पा, लोक हसतील त्यांना.

भागवत : हसू दे. मी हसणार न्हाई. माझं ध्यान तालावर राहील. मंग सही करतो, तिथंच, पखवाजावर कागद ठेवून. त्याची कंपनी त्याला, तुझी प्रयोगशाळा तुला, नंदाबाईची शेडनेट नंदाबाईला. माझं मला.

चतुराबाई : आन् मला?

भागवत : तुझ्याशी मी बोलणार न्हाई काही दिवस.

चतुराबाई : किती?

भागवत : बघू. सप्ताभर.

चतुराबाई : चालंल. सप्ता सात दिवसांचाच असतो.

(बाहेर गाडी थांबते. दार उघडल्याचा आवाज.)

रूपाली : आले वाटतं. जुना कागद फाडते मी.

भागवत : फाड. रूपाले, घरातला पखवाज तर उंदरांनी खाल्ला. भजनी मंडळाचा कसा हाय?

चतुराबाई : चांगला हाय. मांडीवर घेतला की तुमचाच.

भागवत : तुला न्हाई इचारलं. तिला म्हणावं, पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायला थोडी कणीक भिजवून दे. घट्टच.

चतुराबाई : भिजवलेली हाय. दर साल काल्याच्या सकाळी भिजवते, दुपारपस्तोर वाट बघते, मंग गाईला घालते.