रोडग्यांचा टेम्पो

आपल्या अमरावतीच्या निसर्गप्रेमाचं कौतुक निदान माझ्यासमोर तरी करू नका. बंगळूरहून शिकून परत आलो, तेव्हा मलाही त्याचा फार पुळका होता. शहराबाहेरच्या राखीव जंगलात टेकडीवरून जाणारी एक कच्ची वाट आहे. तिथे डांबरी रस्ता करायचा घाट होता. तो थांबवा म्हणून मी वनाधिकाऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, "लोक खरंच पायी चालतात हे दाखवा, वाट तशीच ठेवू."

मी मॉर्निंग वॉकवाल्यांना गाठलं. त्यांचे म्होरके बंडूभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले, "जंगलासाठी जीव देऊ. पन वर रोडगे लागतीन."

"भाऊ, कणकेचे गोळे भाजायला गोवऱ्या पेटवाव्या लागतात. जंगलात जाळ करता येत नाही."

"तू कावून टेन्शन घेतं? घरूनच भाजून आनतो ना."

रविवारी अधिकारी स्वतः आले. मंडळी धापा टाकत टेकडीवर पोचली, तर पलीकडच्या बाजूने त्याच वाटेवरची झुडपं चिरडत आलेला टेम्पो समोर उभा. तूप ओतलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी. त्यानंतर कोणालाच उठवेना. सगळे टेम्पोत बसून खाली गेले. पायी उतरलो ते मी आणि अधिकारी.

फाटकापाशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग, वाट अशीच ठेवायची ना?"

बंडूभाऊ कंबर चोळत म्हणाले, "टेम्पो लय आदळते, साहेब. रस्ताच करा, म्हंजे आमाले दर रविवारी चालाले येता येईन."