बुचावरची गाडी

...आणि मी काय हौसेनं वास सोडत फिरतोय का हो? सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा असा भपकारा, की मागचा टांगेवाला नाक दाबून म्हणाला, "रेनेरिओ, तुझ्यापेक्षा माझा घोडा बरा." घोडा! बरं, घोड्याचं मी मनावर घेत नाही, पण पोरीचं? तुम्हाला सांगतो, शनिवारी आमच्या यानेलिसचा पंधरावा वाढदिवस. आमच्या मातान्सासमध्ये मुलीचं पंधरावं म्हणजे लग्नाहून मोठं काम, कारण लग्नं काय, माणसाची तीन-तीन होतात, पंधरावं एकदाच. आणि त्या दिवशी बापानं तिला स्वतःच्या गाडीतून हॉलवर न्यायचं. गाडी बावन्न सालची, माझ्या वडिलांची, माझी आई त्यातून नवरी होऊन आली, मी त्यात जन्मता जन्मता राहिलो... आणि पोरगी मला शांतपणे सांगते, "पप्पा, मी फेलिबेर्तोकाकांच्या गाडीतून जाईन. तुमच्या गाडीत केसांना वास लागतो."

फेलिबेर्तो म्हणजे शेजारी. गाडी नवी, म्हणजे पंचवीस वर्षांची. आता सांगा, बापानं काय करावं?

मी गेलो डॉमिनोच्या टेबलाकडे. आमच्या फुटपाथवर रोज चौघं सोंगट्या मांडून बसतात आणि चौघंही मेकॅनिक. पहिला म्हणाला, "हवा मिळत नाही तिला, म्हणून पेट्रोल जळत नाही. एअर फिल्टर धू." धुतला. वास तिथंच. दुसरा म्हणाला, "चोक अडकलाय रे, उघडा ठेव." मी तो तारेनं उघडा बांधून टाकला, तर सकाळी गाडी चालूच होईना, अख्ख्या गल्लीनं ढकलली, उतारावर एकदाची खोकली, चालू झाली... आणि वास तिथंच. तिसरा म्हणाला प्लग. काढले, तर डोळ्यात घालावी इतकी काजळी, ते मी घरच्या शेगडीवर भाजून घासले, आणि त्या दिवशी भात आणि घेवडा दोन्हीला पेट्रोलचा वास. ओडालिस, म्हणजे आमची बायको, पातेलं माझ्यापुढे आपटून म्हणाली, "आता सायलेन्सर माझ्या पातेल्यालाच जोडा ना." गाडीचा वास? तिथंच हो, तिथंच.

चौथा फेलिबेर्तो. तो सोंगटी हातात घोळवत म्हणतो, "आता एकच जागा राहिली. पण ती उस्तादांची. राहू दे. पोर माझ्या गाडीतून येईल."

उस्ताद म्हणजे माझे वडील, एवारिस्तो. हे चौघंही त्यांच्याच हाताखाली पाना धरायला शिकले. शेवटच्या दिवशी म्हाताऱ्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता म्हणेल आईला सांभाळ, नीट वाग, काहीतरी. म्हणाला, "कार्बोरेटर उघडू नकोस." आणि गेला. चौदा वर्षं झाली, मी उघडला नाही. पुसतो, नमस्कार करतो, उघडत नाही.

पण "पोर माझ्या गाडीतून येईल"? माझी पोर? पायाची आग मस्तकात गेली माझ्या. शुक्रवारी दुपारी म्हाताऱ्याच्या फोटोची माफी मागितली आणि उघडला.

आणि आत काय असावं? कार्बोरेटरच्या वाटीत पितळी फ्लोट असतो, पेट्रोल भरलं की तो तरंगत वर येतो नि नळी बंद करतो, एवढंच त्याचं काम. इथं फ्लोटच्या जागी रमच्या बाटल्यांची दोन बुचं, एकमेकांना चिकटवून वर वॉर्निश मारलेलं. म्हणजे इतकी वर्षं उस्तादांची गाडी बुचावर चालली होती! लाज वाटत असेल बिचाऱ्याला, दुसरं काय. आता वॉर्निश गेलं होतं, बूच पेट्रोल पिऊन जड झालं होतं, तरंगणार कसलं, नळी कायम उघडी आणि जास्तीचं पेट्रोल न जळता थेट मागं, टांगेवाल्याच्या नाकात.

बूच उन्हात वाळवलं. आता वॉर्निश आणायचं कुठून? आमच्या गावात वॉर्निश मागितलं की दुकानदार आधी हसतो, मग गळ्यात पडून रडतो. घरात शोधाशोध केली... आणि आरशापुढे नेलपॉलिशची बाटली दिसली. लाल. मायामीच्या मावशीनं पंधराव्यासाठी मुद्दाम पाठवलेली. तुम्हाला सांगतो, मी एकच हात देणार होतो. पण बूच पितं हो! तीन हात दिले, बाटली संपली.

गाडी चालू केली, मागं जाऊन सायलेन्सरला नाक लावलं. धूर. नुसता साधा धूर. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी सकाळी आरशापुढून हाक आली, "पप्पा, माझी बाटली?" मी म्हणालो, "कार्बोरेटरमध्ये आहे." ती उठली. झगा गुडघ्यापर्यंत उचलून गाडीमागं गेली, वाकून हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि दार उघडून आत बसली. आमच्याच गाडीत. वाटेत हॉर्न वाजवून वाजवून माझा अंगठा दुखला.

आता अल्बममध्ये एकशेवीस फोटो आहेत आणि पोरीचे हात एकातही नाहीत, सगळीकडे पाठीमागं. पाहुणे विचारतात, "हात का गं लपवलेस?" ती माझ्याकडे बघते. मी काय सांगू? त्या दिवशी नटलं होतं ते आमचं बूच, पण ते दाखवायची सोय नाही. म्हातारा सांगून गेलाय ना, कार्बोरेटर उघडू नकोस.