तेरावी बॅटरी

नाव श्यामकांत दिगंबर सोहोनी, वय ५४, धंदा विमा कंपनीत दावे तपासणी, मूळ राहणार मिरज, हल्ली मालवीय नगर, जयपूर. समक्ष हजर राहून जबाब देतो की, माझे शिक्षण बी.कॉम. असून विजेचे जे काही येते ते मी स्वतः शिकलो आहे. माझ्या हातांनी केलेल्या गोष्टी अशा : घरचा इन्व्हर्टर, पत्नी विनया हिच्या शिलाई मशीनची मोटर, आणि कॉम्प्युटरवरच्या वसाहत उभारण्याच्या खेळातील एक वसाहत. तीत चोवीस खोल्या, बेचाळीस सौर पॅनेल, सहा जनरेटर व तेरा बॅटऱ्या आहेत. पोलीस ठाण्यात हिंदीत लिहून घेताना बॅटऱ्या दोनदा बारा लिहिल्या गेल्या, सबब हा जबाब मी स्वहस्ते मराठीत देत आहे. हिंदी तर्जुमा मुलगी शमिका करील.

या खेळात दिवसा वीज उतू जाते आणि सूर्य मावळला की कमी पडते. कमी पडली की पंप थांबतात, पाण्यावाचून जनरेटर बंद पडतात आणि अर्ध्या मिनिटात सगळीकडे अंधार. बॅटऱ्या वीस टक्क्यांवर आल्या की जनरेटर आपोआप सुरू, नव्वदला बंद, अशी जोडणी मी केली. सात महिने लागले. त्यानंतर वसाहतीत एकदाही अंधार झालेला नाही. ती मी खेळणाऱ्यांच्या मंचावर फुकट ठेवली. अट एकच, फाटकावरची माझ्या नावाची पाटी काढू नये.

दि. ९ रोजी सायंकाळी साडेसहाला शमिका वीज खात्याच्या परीक्षेच्या कोचिंग क्लासचा धडा मोबाइलवर पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, मतलब ही तर आपलीच वसाहत आहे ना?" वसाहत माझीच होती. पाटीवर माझ्या नावाऐवजी क्लासचा फोन नंबर होता. शिकवणारे परेश सर हे इंजिनिअर असून रचना आपली असल्याचे सांगत होते.

हेड कॉन्स्टेबल भंवरलालजी यांनी विचारले, "साहब, चोरी में गया क्या?" वसाहत अजून माझ्याकडेच आहे, गेली ती पाटी, असे मी सांगितले. "और बिजली का बिल?" खेळात बिल येत नाही, असे सांगितले. "खेल अच्छा है," असे ते म्हणाले.

पुरावा विचारला असता सांगतो की, तेरावी बॅटरी कशालाच जोडलेली नाही. तिची तार एक चौकट अलीकडेच संपते. ती ओढताना आमच्या घरची लाइट गेली, आणि पुन्हा बसल्यावर तार पोचली असे मी धरून चाललो. चूक माझी आहे. शमिकाने ती दाखवली तोवर वसाहत मंचावर गेली होती. हे मी पत्नीस सांगितले नव्हते. ती बाकावर शेजारी असून तिने आत्ता ऐकले. "लाइट गेली, मग तुमचा इन्व्हर्टर काय करत होता?" असे तिने विचारले. त्याचा या जबाबाशी संबंध नाही.

परेश सरांनी त्या बॅटरीवर अकरा मिनिटे शिकवले. तिला ते 'आपत्कालीन राखीव' म्हणतात आणि अपुऱ्या तारेला 'सुरक्षित अंतर'. हे अंतर का ठेवतात, असा चाचणीत चौदावा प्रश्न होता. शमिकाने चारही पर्याय सोडून खाली 'विसरल्यामुळे' असे लिहिले. तिचा एक गुण कापला. मी सरांना फोन केला. "अंकल, आपने इंजिनियरिंग कहाँ से की?" मी बी.कॉम. सांगितले. त्यांनी फोन ठेवला.

माझी पाटी परत लागावी व शमिकाचा गुण मिळावा, एवढीच तक्रार आहे.

वरील मजकूर शमिकाने मोठ्याने वाचला, भंवरलालजींनी ऐकला, मी बॅटऱ्या पुन्हा मोजल्या. तेराच आहेत. बरोबर आहे.

सहीपूर्वी एक नोंद. काल क्लासचे संचालक माझ्या ऑफिसात आले होते. पाटी परत लावू, 'मुख्य सल्लागार' म्हणून फोटोही लावू, म्हणाले. मी फक्त एवढे लिहून द्यायचे होते की, तेरावी बॅटरी मी मुद्दाम तशी सोडली. मी नकार दिला. रक्कम रुपये एक लाख एक हजार होती.